मुळी, गोळी आणि सोयीचं खोटं

'नैसर्गिक आहे, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत.' हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? मी तर रोज ऐकतो. फॅमिली ग्रुपवर, रील्समध्ये, चूर्णाच्या डबीवर. वाक्याचा पहिला भाग झाडाबद्दल आहे, दुसरा आपल्या शरीराबद्दल. मधला 'त्यामुळे' कुठून आला, हे कोणी सांगत नाही. धोत्रा नैसर्गिक आहे. बचनाग आणि कुचलाही नैसर्गिकच. आयुर्वेदाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर अशा वनस्पती औषधात घालण्याआधी त्यांचं शोधन करायची पद्धत आहे. नीट वापरलं तर जहाल विषाचंही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधाचंही विष होतं, असं चरकसंहिताच सांगते. झाडपाल्याने अपाय होतच नाही, हा दावा जाहिरातवाल्यांनी नंतर चिकटवला.

याच्या उलटं वाक्य मी ऑफिसात ऐकतो. 'झाडपाला म्हणजे भोंदूगिरी. खरं औषध मेडिकलमध्ये मिळतं.' हे म्हणणारे माझ्यासारखेच इंजिनिअर असतात आणि त्यांचाही सूर तितकाच ठाम असतो.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पोट भरतो कोडवर. पण गेल्या वर्षी घरातल्या एका प्रसंगाने मला या दोन वाक्यांच्या मधोमध उभं केलं. तेव्हा लक्षात आलं की प्रश्न औषधाचा जेवढा आहे, तेवढाच खरं बोलण्याचाही आहे.

पुडी

माझी आत्या कराडला असते. निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. बीपीसाठी ती गेली काही वर्षं ॲमलोडिपिनची गोळी घेते. तिने ठरवलं की आता गोळी बंद करायची आणि सर्पगंधा सुरू करायची. ओळखीतल्या कोणीतरी मुळीची पूड आणून दिली होती. कागदाची पुडी, त्यावर नाव नाही, माप नाही. "गोळी म्हणजे केमिकल. एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही. ही आपल्या मातीतली मुळी आहे," हे तिचं म्हणणं.

आतेभावाचा मला फोन आला. "तू तिचा लाडका आहेस, तुझं ऐकेल. तिला एवढंच सांग की सर्पगंधाने बीपी-बिपी काही उतरत नाही, सगळं थोतांड आहे. विषय संपेल."

उपाय सोपा होता. अडचण एवढीच होती की ते खोटं होतं.

सर्पगंधाची गोष्ट

सर्पगंधाने बीपी उतरतं. यात श्रद्धेचा भाग नाही. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब कमी होतो आणि रुग्ण शांत होतो, असं लिहून ठेवलं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर या मुळीचा अभ्यास केला आणि १९४९ साली तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणला. उच्च रक्तदाबावर फारसं काही हाती नव्हतं, अशा काळातली ही गोष्ट आहे. तो लेख वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुळी मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला एक प्रभावी घटक वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पिन. काही वर्षांतच रिसर्पिनची गोळी जगभर पोचली. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

म्हणजे आत्या जिला 'गोळीपेक्षा वेगळी' समजत होती, तीच मुळी एकेकाळी जगातली नावाजलेली बीपीची गोळी होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. रिसर्पिन नसांच्या टोकाशी साठवलेली काही रसायनं रिकामी करतं. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांची नावं. म्हणूनच रक्तदाब उतरतो, माणूस शांत वाटतो. आणि म्हणूनच १९५०च्या दशकात डॉक्टरांना दिसायला लागलं की हे औषध घेणारे काही लोक खोल उदास होताहेत. या संबंधावर पुढे वादही झाले. पण ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलंय त्यांना रिसर्पिन देऊ नका, हा इशारा औषधासोबत कायम राहिला. नंतर जास्त सुसह्य औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं.

काका गेल्यानंतर आत्या जवळपास दीड वर्ष नैराश्यावर उपचार घेत होती. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. पुडी देणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

सोयीचं खोटं का नको

आतेभावाचा सल्ला मला वाईट हेतूचा वाटला नाही. आईवर प्रेम करणाऱ्या मुलाचा तो सल्ला होता. आपण सगळेच वडीलधाऱ्यांशी असं थोडंथोडं खोटं बोलतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे.' 'इंजेक्शन दुखत नाही.' मग इथे काय बिघडलं असतं?

एक अडचण व्यवहारातली होती. आत्याकडे बीपी मोजायचं मशीन आहे. तिने पूड घेतली असती, आकडा उतरलेला पाहिला असता, आणि मग माझं काहीच खरं मानलं नसतं. नैराश्याचा इशाराही त्याच खात्यात गेला असता.

पण समजा मशीन नसतं, खोटं कधीच उघडं पडलं नसतं, तरी? तरीही मला ते जमलं नसतं. खोटं सांगून मी तिचा निर्णय स्वतः घेत होतो आणि वर तिला वाटू देत होतो की निर्णय तिचाच आहे. तिला सरळ 'घेऊ नकोस' म्हणून दटावणं निदान उघड असतं. त्याला ती उलट उत्तर देऊ शकते, भांडू शकते. खोट्याशी भांडता येत नाही, कारण ते समोर येतच नाही.

शिवाय माझ्या लक्षात आलं की आतेभावाचं वाक्य आणि डबीवरचं वाक्य सख्खी भावंडं आहेत. एक म्हणतं, नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक. दुसरं म्हणतं, नैसर्गिक आहे म्हणून निकामी. दोन्ही वाक्यं ऐकणाऱ्याला विचार करायच्या कामातून सुट्टी देतात. खरं वाक्य या दोघांपेक्षा अवघड होतं. मुळी काम करते, आणि काम करते म्हणूनच जपायला हवं.

मी तिला तेच सांगितलं. वकिलांचा लेख, रिसर्पिन, उदासीचा इशारा, सगळं. काका गेल्यानंतरच्या दिवसांचा उल्लेख करताना शब्द सापडत नव्हते, पण तो टाळला असता तर बाकीच्या माहितीला अर्थच उरला नसता.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे त्या पुडीवर कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, आत्या."

"आणि गोळीच्या पाकिटावर तरी मला वाचता येईल असं कुठे लिहिलंय?"

गणिताच्या बाई. समीकरणाच्या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

फरक नेमका कुठे आहे

तिच्या प्रश्नाने मला विचार करायला लावलं. मुळीतलं रिसर्पिन आणि गोळीतलं रिसर्पिन हा रेणू एकच. झाडात बनला की कारखान्यात, हे शरीराला कळत नाही. मग फरक कुठे आहे?

पहिला फरक मोजमापाचा. पाच मिलिग्रॅमच्या गोळीत पाच मिलिग्रॅमच औषध असावं, असा नियम आहे, आणि ते तपासता येतं. सर्पगंधाच्या मुळीत रिसर्पिनसारखी डझनावारी द्रव्यं असतात. त्यांचं प्रमाण जमीन, हंगाम, झाडाचं वय यावर बदलतं. या पुडीतला चमचा आणि पुढच्या पुडीतला चमचा सारखा नसतो. ज्या औषधाची परिणामकारक मात्रा आणि त्रास देणारी मात्रा जवळजवळ असतात, तिथे ही गंमत उरत नाही. आणि पुडीत सर्पगंधाच आहे, हे तरी कशावरून?

हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा रास्तच आहे. पण त्यातून निघणारा अर्थ काढा पिणाऱ्याला दिलासा देणारा नाही. आपण नेमकं काय पितोय, हे त्याला कळायची सोय नाही, हेच त्यातून दिसतं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो चुकांच्या नोंदीचा. आमच्या कामात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघते तेव्हा सोबत बदलांची यादी निघते. काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, काय अजून अडतंय. ज्या सॉफ्टवेअरची बग-यादी रिकामी आहे त्यात बग नाहीत, असं आमच्यातला कोणी मानत नाही. ते कोणी वापरत नाही किंवा तक्रार घ्यायला कोणी बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर दुष्परिणामांची लांबलचक यादी पाहून आपण घाबरतो आणि कोऱ्या पुडीवर विश्वास टाकतो. खरं तर त्या यादीतली प्रत्येक ओळ कोणाला तरी झालेल्या त्रासातून आलीय, आणि तो त्रास कोणीतरी लिहून घेतलाय.

रिसर्पिनचा इशारा असाच तयार झाला. ज्या व्यवस्थेने मुळी डोक्यावर घेतली, तिनेच तिचा त्रास मोजला आणि नंतर तिला मागच्या बाकावर बसवलं. आपल्याकडे मात्र जुन्या ग्रंथांतल्या पाठानुसार बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवाना घेताना नव्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत. ग्रंथाचा आधार पुरतो. हा मान वाटतो खरा, पण मला त्यात अवहेलना दिसते. ज्या परंपरेने विषाचं औषध करून दाखवलं, तिला आपण परीक्षेलाही बसू देत नाही.

गोळीवाल्यांचा हिशेब

आता समीकरणाची दुसरी बाजू. मेडिकलच्या दुकानात मिळतं म्हणून विश्वास ठेवावा, असंही नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी आली. अगदी सुरक्षित म्हणून तिची जाहिरात झाली, गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिली गेली. १९६१च्या अखेरीस ती तिथे मागे घेतली, तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. आणि लांब कशाला जायचं? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आणि २०२२ साली तोच पदार्थ भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांत सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेला द्यावा लागला. गॅम्बियात लहान मुलं दगावल्यानंतर.

तेव्हा कारखाना हा काही पावित्र्याचा दाखला नाही. या गोष्टी आपल्याला माहीत आहेत त्या कोणीतरी मोजलं, चौकशी केली, लिहून ठेवलं म्हणून. जिथे मोजणं थांबतं तिथे गोळीचीही पुडी होते.

सुजलेले पाय

आत्याला मी विचारलं, "पण तुला गोळी सोडायचीच का होती?" केमिकल वगैरे उत्तर आलं. मग थोडं थांबून खरं उत्तर आलं. संध्याकाळी तिचे घोटे सुजत. चप्पल घट्ट होई. डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा "वयानुसार होतं थोडं" एवढंच ऐकायला मिळालं. बाहेर तीस माणसं रांगेत होती. तिच्या वाट्याला चार मिनिटं आली.

ॲमलोडिपिनने घोट्यांना सूज येणं हा त्या गोळीचा नोंदवलेला, सर्रास दिसणारा दुष्परिणाम आहे. बायकांमध्ये तो जास्त दिसतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि थोडं पाणी खाली उतीत झिरपतं. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बऱ्याचदा ओसरतं. म्हणजे आत्याची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि कागदावर आधीच छापलेली होती. यादी होती, पण यादी आणि पेशंट यांची गाठ घालून द्यायला कोणाकडे वेळ नव्हता.

पुडी देणाऱ्याने मात्र अर्धा तास बसून तिचं सगळं ऐकलं होतं. पाय, झोप, एकटेपणा, सगळं. माणसं मुळीकडे जातात ती बहुतेकदा अशीच. अज्ञानाने जातात असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्याकडे पुरावा आहे त्याच्याकडे वेळ नाही, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याकडे पुरावा नाही, अशी विभागणी झाली तर माणूस कुणाकडे जाणार?

आत्याने दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहिलं. रेघा मारून तक्ता आखला, सूज कधी येते तेही नोंदवलं. गोळी मनाने बंद केली नाही. वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी औषध बदललं. पुडी तिने कुणाला दिली नाही, कचऱ्यात टाकली. हा माझा विजय वगैरे नाही. निर्णय तिने घेतला, आणि उलट दिशेने घेतला असता तरी तो तिचाच असता. फक्त त्यात काय पणाला आहे, हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

बरं वाटणं आणि बरं असणं

या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून मनात येते. 'मला याने बरं वाटतंय' हे आपण पुरावा म्हणून वापरतो. सर्दीत ते चालतं. सर्दी काढ्याने जावो की आपली आपण जावो, आठवडाभरात जातेच. पण बीपी दुखत नाही. बीपीची गोळी यशस्वी होते तेव्हा काहीही घडत नाही. जो पक्षाघात आला नाही, त्याबद्दल गोळीचे आभार कोण मानणार? सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही म्हणून आम्हाला कोणी पेढे देत नाही, तसंच ते. उलट गोळीचा त्रास लगेच जाणवतो. मुळीने गुंगी येते आणि ती शांत वाटते. अनुभव इथे आपल्याला फसवत नाही, पण तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

म्हणूनच मोजणारे लागतात. आणि मोजणाऱ्यांवर विश्वास बसावा म्हणून ऐकणारे लागतात.

आपल्या पिढीकडे एक चमत्कारिक काम आलंय. आईवडील, आत्या, मावशी आपल्याला फोन करून विचारतात, "हे घेऊ का रे?" आपण डॉक्टर नसतो, पण आपल्या हातात मोबाइल असतो आणि त्यांचा आपल्यावर विश्वास असतो. त्या विश्वासाचं काय करायचं? पटकन 'थोतांड' किंवा 'बेस्ट आहे' म्हणून फोन ठेवता येतो. मला वाटतं, त्यापेक्षा त्यांच्यासोबत प्रश्न विचारावेत, आणि तेच प्रश्न वैद्याला आणि डॉक्टरला सारखेच विचारावेत. यात नेमकं काय आहे आणि किती? हे कोणी घेऊ नये? मी घेत असलेल्या दुसऱ्या औषधाशी याचं पटतं का? त्रास झाला तर कोणाला सांगायचं, आणि तो लिहून घेणार कोण?

शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्यात रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. आयुष औषधांसाठीही अशी व्यवस्था सुरू झाली आहे. आत्याचे घोटे अशा एखाद्या यादीत एक ओळ म्हणून जाऊ शकतात. त्या ओळीने तिला आता काही मिळणार नाही. पण उद्या दुसऱ्या कुठल्या गावात संध्याकाळी चप्पल घट्ट होणाऱ्या बाईला "वयानुसार होतं" यापेक्षा बरं उत्तर मिळायची शक्यता थोडी वाढेल.